वाऱ्याला सूप

"हंडाही भर, गुणा. वादळात पहिलं जातं ते नळाचं पाणी," सुंदराबाई म्हणाली.

गिरगावातल्या त्या दोन खणांच्या खोलीत गुणाजी सकाळपासून राबत होता. तांदळाचा डबा माळ्यावर गेला, देव फडताळात गेले, खिडकीवर फळी ठोकून झाली. एक काम सरलं की आई दुसरं पुढे करी.

शेजारच्या लीलाबाई दारातून डोकावल्या. "अहो, पौषात कसलं आलंय वादळ? गॅलरीत माझा पदर हलत नाही."

"दर्या काय पंचांग बघून उठतो, लीलाबाई? आधी हे असंच होतं. कावळासुद्धा गप होतो."

लीलाबाईंचं हसू ओठांवरच राहिलं. खरंच, कावळा ओरडत नव्हता. रस्त्यावर ट्रामही नव्हती. सुंदराबाई हर्णैची, नवरा दर्यानं नेलेला. तिच्या शब्दापुढे चाळीत कोण बोलणार? लीलाबाई गेल्या आणि त्यांनीही आपली खिडकी लावून घेतली.

खालून हाक आली. "गुण्या! मोर्चा ठाकूरद्वारला जमतोय. येतोस, का आईच्या पदराखाली बसतोस?"

गुणाजीनं आईकडे पाहिलं. बावीस वर्षांचा दांडगा गडी, पण डोळे अजून पाळण्यातले.

"मुंबई आज एका दिवसात मिळणाराय?" ती हळू म्हणाली. "वारा येऊन जाईस्तोवर थोरल्या मुलानं घर सोडायचं नाही. आपल्यात चालत नाही. त्या वर्षी तुझ्या बाबांनी सोडलं."

त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही व्हा पुढं, कमळ्या!" तो वरूनच ओरडला.

सुंदराबाई रात्रीपुरते काढलेले तांदूळ निवडायला बसली. कान रस्त्याकडे होता. ओठांत ओवी घोळत होती:

*वादळ वाऱ्या बापा, नको वळू माझ्या दारी,*
*एकुलत्या दिव्याची गं, वात माझी कोवळी सारी.*

दुपार कलली आणि लांबून गाज आली. समुद्र गल्लीगल्लीतून चढत यावा तशी, फुगत, आपटत.

"आला गं आई!" गुणाजीनं भिंतीवरचं सूप ओढलं. वारा दारी आला की थोरल्यानं बाहेर उभं राहून त्याला पालथं सूप दाखवायचं, मग तो घर टाकून पुढे जातो. गावी बाबा दाखवायचे. त्यानं ते लहानपणी पाहिलं होतं.

"नको! गुणा, बाहेर नको रे..."

तो गॅलरीत पोचलाही होता.

कडाडलं. एकदा, मग लागोपाठ दोनदा. आभाळ निळंभोर होतं.

गुणाजी कठड्याला टेकून हळूच खाली बसला, दमल्यासारखा. सदऱ्यावर लाल ओल पसरत गेली. खाली मोर्चातली माणसं पळत होती, "गोळीबार! आत व्हा, आत व्हा!"

सुंदराबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावरचे केस मागे सारले आणि त्याच्या कानाशी वाकली.

"ऊठ, बाळा. वादळबिदळ काही नाही रे. मी खोटं बोलले. ऊठ, जा तू मोर्चाला."