चाळिसावी खिडकी

रात्रीच्या रोषणाईच्या स्पर्धेसाठी इमारतीतल्या एकोणचाळीस घरांनी खिडकीशी पिवळे दिवे लावले. अंधार पडला की अख्खी इमारत सोन्याची दिसायची. फक्त तिसऱ्या मजल्यावर रफू करणाऱ्या काकूंच्या खिडकीत पांढरी ट्यूब होती.

"काकू, खालून बघा एकदा. सोन्याच्या दातांमध्ये एकच चुन्याचा दात दिसतो हो!" सेक्रेटरी जिने चढून चढून थकले.

"पिवळ्या उजेडात मला निळा दोरा काळा दिसतो. लोकांच्या कोटांची वाट लावू का?" असं म्हणून काकू दार लावून घ्यायच्या.

परीक्षक रात्री येणार होते, त्याच दिवशी दुपारी, हातात सुई असतानाच काकू गेल्या. लेक धावत आली. डॉक्टर दाखला लिहून निघून गेले आणि ती एकटीच खिडकीखालच्या पलंगाशी आईचा गार हात धरून बसून राहिली.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात सगळी इमारत उभी होती. सेक्रेटरींचे डोळे भरून आले होते.

"एकटी समजू नकोस बाळा, आम्ही आहोत ना," ते म्हणाले आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला आवरेना. शेजारच्या मावशींनी तिला कुशीत घेतलं.



तिच्या पाठीवरून हात फिरवत सेक्रेटरी मागे उभ्या असलेल्या वॉचमनला हळूच म्हणाले, "स्टूल काकूंच्या उशाशी ठेव आणि पिवळी ट्यूब लाव पटकन. परीक्षक खाली आलेत."