हातमोजे

दोन्ही विद्यापीठं सरकारी, दोन्ही परराज्यातली, दोन्ही अवाढव्य. लेकीला समुद्राकाठचं हवं होतं. तिथली प्रयोगशाळा चक्क बोटीवर होती. "तिथे तुझं कोण आहे?" बाबांनी विचारलं. "हजारो पोरांत हरवशील. दुसरीकडे आत्या तरी आहे, आपलं माणूस." तिने आठवडाभर अबोला धरला, शेवटी बाबांचं ऐकलं. बॅग भरताना आईने रबरी हातमोज्यांचा खोका आत ठेवला. "प्रयोगशाळेत लागतील," एवढंच म्हणाली. आत्याने दारातच गालावरून हात फिरवला आणि थेट मागच्या खोलीत नेलं. दोन खाटा होत्या. एकीवर आत्याच्या सासूबाई, अंथरुणाला खिळलेल्या. "दुसरी तुझी," आत्या म्हणाली. "सांभाळणाऱ्या बाईला कालच कायमची सुट्टी दिली. म्हटलं, आता आपलं माणूस येतंय." लेकीने सोडायला आलेल्या बाबांकडे पाहिलं. ते वाकून बॅगेची चेन उघडत होते. "काळजी नको, ताई. हातमोजे आणलेत तिने."