सोमाजी जागा होईना

"दारू?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाई जी." सोमाजीच्या आधी त्याची पोरगी प्रेमिलाच बोलली. "बानं माळ घातली. मी नववीत गेली तवाच सोडली त्यानं."

हे सांगताना तिची मान अशी ताठ झाली, जशी काही माळ तिच्याच गळ्यात होती. तळ्याकाठच्या सगळ्या ढिवरपुऱ्यात, मासेमारांच्या त्या वस्तीत, मॅट्रिकची स्वप्नं बघणारी ती एकटी पोरगी, आणि पोरीच्या शब्दाखातर दारू सोडणारा तिचा एकटा बाप. सोमाजीने छताकडे बघत नुसतं हूं केलं. डॉक्टरांनी भुलीचं औषध त्याच हिशेबाने दिलं.

अंतरगळाचं ऑपरेशन झकास झालं. सोमाजी मात्र जागा होईना.

त्याच्या मागून ज्याचं पोट कापलं, तो शेजारच्या खाटेवरचा म्हातारा संध्याकाळी उठून बिडीसुद्धा मागू लागला. सोमाजी आपला घोरतोच आहे. दुसऱ्या सकाळी डॉक्टरांनी त्याच्या उजव्या फासळीखाली बोटं रोवली, पापणी उचलून डोळ्यातला पिवळेपणा पाहिला आणि प्रेमिलाकडे वळले.

"यकृत दगडासारखं झालंय, पोरी. भुलीचं औषध शरीरातून काढून टाकायचं काम त्याचं. ते आता करणार कसं? खरं सांगितलं असतं, तर बेतानं दिलं असतं."

"उठेल ना जी?"

"नाडी बरी आहे. वाट बघायची."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. प्रेमिलाने आत्याकडे पाहिलं. आईमागे तिला वाढवलेली ही सुगंधाबाई पदराचं टोक पिळत बसली होती.

"आत्या, बा पेते?"

"मुखरूभाऊच्या झोपडीत. माळ खुंटीले टांगते अन् पेते."

"तुले ठाऊक होतं?"

"साऱ्या पुऱ्याले ठाऊक होतं. तू शाळेत राहे ना."

प्रेमिला तरातरा दवाखान्यामागच्या विहिरीवर गेली. बापाचं धोतर तिने दगडावर असं आपटलं, की बाजूच्या बाया सरकून बसल्या. मग हात आपोआप थांबले. भांडायला तरी समोरचा माणूस उठायला पाहिजे. तो उठलाच नाही तर? तिथेच ओल्या धोतरात तोंड खुपसून ती रडली. रागाचा तर पार चिखल झाला.

परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. सोमाजी भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"याचा जीव अडकला," आत्या म्हणाली. "कायच्यात, ते तुले मालूम हाये."

मालूम होतं. मुखरूच्या घनश्यामला पोरगी द्यायचा शब्द सोमाजीने कधीचा दिला होता. मॅट्रिकनंतर पाहू, म्हणून प्रेमिलानेच तो अडवून धरला होता.

"थो शब्द पुरा झाल्याबिगर कसा उठन? कानात सांग त्याच्या."

"डॉक्टर मनते, यकृतामुळं..."

"डॉक्टर बी वाटच पाहून राह्यला ना."

प्रेमिला वाकली. बापाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "बा, मी हो मनते. शाळा सोडते. फक्त तू ऊठ."

आत्याने लगेच गावाकडे निरोप धाडला. सकाळी मुखरू चार नातेवाईक, नारळ आणि नवं लुगडं घेऊन हजर. दोन खाटांच्या मधल्या जागेत प्रेमिलाला पाटावर बसवलं आणि पाच जणांसमोर कुंकू लावलं. ढिवरपुऱ्यात लावलेलं कुंकू आजवर कोणी मोडलं नव्हतं.

"बापाच्या पाया लाग," आत्या म्हणाली.

ती वाकली, तशी सोमाजीची बोटं हलली. मग डोळे उघडले. मुखरू हमसून रडला. शेजारच्या म्हाताऱ्याने बिडी लपवून हात जोडले. आणि प्रेमिला? दारू, माळ, शाळा, सगळं विसरून ती बापाच्या गळ्यात पडली.

तेवढ्यात वॉर्डातली सोमारी आया बादली घेऊन आली.

"सोमारीबाई, माहा बा उठला," प्रेमिला डोळे पुसत म्हणाली.

सोमारीने आधी तिच्या कपाळाकडे पाहिलं. मग बादली खाली ठेवून हसली.

"आता सांगाले हरकत नाई. काल तू विहिरीवर होतीस तवाच उठला थो. पेज मांगून पेला अन् मनला, पोरीले सांगू नोको, कुंकू लागू दे आधी."