साखळीचा वाटा

“हे बघा दादा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ट्रेनर म्हणतो एकशेवीस, पेडल म्हणतात दीडशे. आता माणसाने भरवसा ठेवायचा कुणावर?”

मेहुणे सायकलवर बसूनच धापा टाकत विचारत होते. सायकलचे मागचे चाक काढून ती ट्रेनर नावाच्या जड यंत्राला जोडलेली होती. कितीही पाय मारले तरी खोलीबाहेर जायची सोय नव्हती. हँडलसमोरच्या टॅबलेटवर वॅटचे दोन आकडे शेजारी शेजारी थरथरत होते. एक ट्रेनरने मोजलेला, दुसरा पेडलमधल्या मापकांनी.

“आधी उतरा,” दादा म्हणाले.

तंत्रनिकेतनात मोजमापशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. विद्यार्थ्यांनी त्यांना ‘मापाडी’ म्हणायला सुरुवात केली आणि मेहुण्यांनी ते नाव घरात आणले.

“उतरलो, मापाडीसाहेब. पण निकाल लावूनच जा. डॉक्टरांनी बजावलंय, एकशेवीसच्या वर जायचं नाही. हे हृदय आता सूचना देऊन थांबणार नाही म्हणाले. गेल्या आठवड्यात हे नवे पेडल बसवले म्हणून तरी कळलं. नाहीतर मी आपला ट्रेनरच्या नादी लागून रोज मजेत!”

दादांची धाकटी बहीण टॅबलेटशेजारच्या स्टुलावर बसली होती. आकडा चढला की ‘पुरे’ म्हणायचे, एवढे काम तिच्याकडे होते. ती दादांकडे बघून हसली.

“तुझा फोन लागत नाही हल्ली,” दादा तिला म्हणाले.

“तिला कशाला हवा फोन?” मेहुण्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. “मी आहे ना! बरं, मी आंघोळ उरकतो. अगं, दादांना काय हवं-नको बघ.”

खोलीतून जाताना त्यांनी सवयीने दाराच्या कडीला हात घातला, मग दादांकडे बघून तो मागे घेतला. कडी नवी होती आणि बाहेरच्या बाजूने बसवलेली होती. स्क्रू घाईने पिळलेले. एकाचे डोके झिजून गुळगुळीत झाले होते.

“बाहेरून?” दादांनी विचारले.

“झोपेत चालते तुमची बहीण. तिच्याच भल्यासाठी हो!” मेहुणे हसत हसत गेले.

लहानपणी हिला शाळेसाठी उठवायचे तर तोंडावर पाणी मारावे लागे. दादांना ते आठवले. त्यांनी पिशवी उघडली.

फलालीनच्या फडक्यात गुंडाळलेले प्रमाण वजन त्यांनी बाहेर काढले. पेडलचा दांडा आडवा धरून पेडलला ते टांगले, मनात गुणाकार केला आणि पडद्याकडे पाहिले. तोच आकडा. दुसऱ्या पेडललाही तोच. पेडलच्या सेटिंगमधला दुरुस्तीचा गुणक पाहिला: एक. एकच असायला हवा.

पेडलमध्ये काही खोट नव्हती.

मग त्यांनी ट्रेनरचे सेटिंग उघडले. तिथेही एकच असायला हवा होता. होता शून्य पूर्णांक आठ. दीडशे वॅट आत गेले की एकशेवीस बाहेर येत होते.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाला.

“मी केलं ते,” बहीण उठून भराभरा बोलू लागली. “गुणक म्हणजे काय ते तूच शिकवलं होतंस. महिना झाला, दादा. रोज इथे बसते. डोळ्यांदेखत त्यांचा चेहरा पांढरा पडतो आणि मी ‘पुरे’ म्हणत नाही. आधी वाटलं, जमेल. नाही जमत. पेडल आणले तेव्हा खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. आधीसारखं करून दे. त्यांना काही सांगू नकोस.”

दादांनी कडीकडे पाहिले.

“रात्री लागते ही?”

“दिवसासुद्धा.”

पाण्याचा आवाज थांबला. ती स्टुलावर जाऊन बसली, हात मांडीवर, नजर फरशीवर.

“चहा टाक,” दादा म्हणाले. “साखर बेताने.”

ती स्वयंपाकघरात गेली. दादांनी चष्मा पुसला, टॅबलेट जवळ ओढला आणि सावकाश, एकेक अक्षर वाचत काम केले. साखळीला तेलाचे दोन थेंब दिले. वजन पुसून पुन्हा फडक्यात गुंडाळले.

मेहुणे आले ते केस पुशीतच. “झालं का, मापाडी?”

“बसून बघा.”

मेहुण्यांनी पाय मारायला सुरुवात केली. चहाचे कप घेऊन बहीण दारात थांबली. आकडे चढत गेले आणि एका जागी स्थिरावले. पेडल: एकशेवीस. ट्रेनर: एकशेअठरा.

“वा! पण हे दोन कुठे गेले?”

“साखळी आपला वाटा खाते. पेडल ट्रेनरपेक्षा थोडं जास्त दाखवणारच. तंतोतंत जुळले असते तर मलाच शंका आली असती.”

“याला म्हणतात शिक्षण!” मेहुणे खूश झाले. “पाय मात्र मघासारखेच भरून येताहेत हो.”

“नियम सोडू नका, म्हणजे झालं. रोज एवढंच. अर्धा तास.”

बहिणीने दादांकडे पाहिले. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल पडले होते. तिने कप टेबलावर ठेवले. बशी वाजलीसुद्धा नाही.

मेहुण्यांनी पांढऱ्या पडत चाललेल्या कपाळावरचा घाम निपटला आणि पाय मारता मारताच विचारले, “पण दादा, एवढे दिवस खोटं बोलत कोण होतं? ट्रेनर की पेडल?”

दादांनी पिशवीचा बंद ओढून गाठ मारली.

“पेडल.”