गादीची शिवण

कुएंका शहरात जा, नाहीतर समुद्रकिनाऱ्यावर. लॉजच्या खोलीत शिरलं की आई पिशवी दाराबाहेरच ठेवायची, आधी गादी उलटायची आणि तिची शिवण तपासायची. मालकीण लालबुंद व्हायची आणि मी, तिची शिकलेली मुलगी, आईला ओळखत नसल्यासारखी जिन्यात उभी राहायचे.

“आई, पुरे! लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील नि विसरतील, एल्विरा. ढेकूण आपल्याबरोबर घरी येतात.”

काल ओक्ताविओच्या दुकानात मी मोबाईलचा दिवा लावला, पांढरं रेशमी अस्तर उचललं आणि शिवणीवरून नख फिरवू लागले.

“काय हरवलं, बाई?” त्याने विचारलं.

“ढेकूण बघतेय.”

“अहो, कोरी करकरीत शवपेटी आहे ही!”



“असू दे. तपासल्याशिवाय आई आडवी व्हायची नाही.”