मागचा स्पीकर

अमरेशनं होम थिएटर आणून आठवडा झाला, तरी पाचातले पुढचे तीनच स्पीकर बोलत होते. तांबड्या-काळ्या वायरींचा गुंता घेऊन तो टीव्हीमागं पालथा पडला होता.

"पुढचं वाजतंय न्हवं? मग बास की," शांभवीच्या सासूबाई म्हणाल्या. "ह्यापरास आमचा रेडिओ बरा हुता. कान पिळला की बोलायचा."

"मागचेही लावा अहो," शांभवी रोज म्हणायची. टीव्हीपुढं कधी न बसणाऱ्या बायकोला ही हौस कुठली, याचं अमरेशला नवल वाटायचं.

वर्षभराची लेक रक्षिता शांभवीच्या पुढ्यात वाट्यांशी खेळत होती. टीव्हीवर गाणं लागलं की पोर मान डोलवायची. "बघ, ऐकतीया की. तुला उगा घोर," असं सासूबाई म्हणायच्या. पण टीव्हीवर चित्रही हलायचं. मागून हाक मारली तर पोर कधी वळायची, कधी नाही. "खेळात दंग हाय," त्यावरही सासूबाईंचं उत्तर तयार असायचं.

आज शांभवीनं मागच्या स्पीकरकडं पाठ करून तिला बसवलं होतं.

एकदम मागचा स्पीकर कडाडला. सासूबाईंनी दचकून दोन्ही कानांवर हात ठेवले. शांभवीनं पोरीकडं पाहिलं.

रक्षितानं एका वाटीत दुसरी वाटी ठेवली.

अमरेश टीव्हीमागून धूळभरल्या तोंडानं वर आला. "काय गं, आला का न्हाय मागनं आवाज?"

"मला आला," शांभवी म्हणाली.