हॉलिसचा होकार

आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात रातकिडे. झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं.

इस्त्रीचा शर्ट. मासे धरायला.

"माझं हो आहे रे. पण आधी डॅडींना विचार." वॉनेटाचे शब्द.

केंटकीतला मे महिना. पाण्याला कापलेल्या कलिंगडासारखा वास.

एक म्हातारा, जो आपल्या गळाच्या काठीला कुणालाही हात लावू देत नाही.

ती काठी सकाळपासून रँडलच्या हातात होती, आणि म्हणूनच तो घाबरला होता. हॉलिसने ती त्याला फाटकापाशीच दिली होती. रँडल घराचं दार वाजवायला निघाला, तर म्हाताऱ्याने त्याला अडवलं. "दार नको वाजवूस. ऊन चढायच्या आत तळ्यावर जाऊ."

हॉलिसची मुलगी वॉनेटा झोपली असेल, असं रँडलने गृहीत धरलं. रविवारी ती उशिरापर्यंत झोपायची.

हॉलिसच्या तळ्यावर हॉलिस बोलेपर्यंत बोलायचं नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. रँडलने गळाला रातकिडा लावला, लव्हाळ्याच्या कडेला टाकला, पाण्यावर तरंगणाऱ्या बुचावर नजर ठेवली.

"शर्टाला इस्त्री केलीस?" हॉलिसने बऱ्याच वेळाने विचारलं.

"हो, मिस्टर हॉलिस."

"माशांना काय लग्नाला बोलावतोयस?"

रँडल हसला. म्हाताऱ्याला मात्र आपल्याच थट्टेचं हसू आलं नाही. तो वळून बुटाचा चिखल काढत बसला.

काठाजवळच्या उथळ पाण्यात तळाला ताटल्यांएवढे गोल खळगे दिसत होते. प्रत्येक खळग्यावर एक ब्लूगिल मासा, तळहाताएवढा, जागच्या जागी पंख हलवत. रँडलने गळ सोडताच एकाने झडप घातली.

"नर आहे," हॉलिस म्हणाला. "शेपटीने खड्डा करतो. मादी येते, अंडी घालते, जाते खोल पाण्यात. हा बसतो राखण करत. समोर काडी टाकली तरी अंगावर धावून येतो."

"मूर्खच म्हणायचा."

"मूर्ख कशाला? भला असतो बिचारा. सोड त्याला."

रँडलने सोडला. मासा थेट आपल्या खळग्यावर गेला.

"मिस्टर हॉलिस, मला तुमच्याशी जरा..."

"बुचाकडे बघ."

बूच स्थिर होतं.

दुपारी हॉलिसने डबाबंद सॉसेज आणि खारी बिस्किटं काढली. रँडल घराकडे बघत म्हणाला, "वॉनेटाला हाक मारू का? तीही खाईल आपल्याबरोबर."

"बस तू. खा." मग, थोडं मऊपणाने, "तो मोहरीचा सॉस घे. नुसतं खाववत नाही ते."

म्हातारा स्वतः काहीच खात नव्हता. उलट्या बादलीवर बसून रँडलकडे बघत होता. रँडलने अर्धं सॉसेज परत डब्यात ठेवलं. हा माणूस नाही म्हणाला तर वॉनेटा बापाचा शब्द मोडणार नाही, हे तो जाणून होता.

उन्हं कलली तेव्हा पडलेल्या विलोच्या झाडाच्या फांद्यांखाली काहीतरी जड हललं. रँडलने आमिषाचं रबरी गांडूळ तिथे टाकलं. काठी वाकून पाण्याला टेकली.

"ओढू नकोस! खेळव!" हॉलिस बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरला, आणि अंगठा जबड्यात घालून त्याने तो बास मासा वर उचलला. मोठं धूड. हिरव्या पाठीवर जुनी खूण.

"कित्येक उन्हाळे मी या हरामखोराच्या मागे आहे," तो धापा टाकत म्हणाला. "घे. तुझा."

आता नाही तर कधीच नाही, असं रँडलला वाटलं. "मिस्टर हॉलिस, मला वॉनेटाशी लग्न करायचंय. तुमचा होकार हवा."

हॉलिसने ओले हात पँटला पुसले. पुन्हा पुसले.

"दारू?"

"नाताळात. एखादा घोट."

"आई तुझ्याकडेच असते?"

"हो. वॉनेटाला चालणार आहे."

म्हातारा पाण्याकडे वळला. "सकाळपासून तुझ्यात खोट शोधतोय, पोरा. सापडली असती तर बरं झालं असतं."

रँडलचे कान तापले.

"माझ्याकडून हो आहे. जावई मला निवडायचा असता, तर मी तुलाच निवडला असता."

रँडलने म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला. तो हात थंड होता, आणि लगेच सुटला नाही.

"एवढ्यात जाऊ नकोस," हॉलिस म्हणाला. "उजेड आहे अजून. आणखी एकदा टाक."

"तिला सांगून आलोच."

बास छातीशी धरून, इस्त्रीच्या शर्टावर चिखल माखत, रँडल चढावरून धावत सुटला. अर्ध्या वाटेवरूनच तो तिच्या नावाने हाका मारू लागला. मागे हॉलिसने काठी उचलली आणि घराकडे पाठ करून उभा राहिला.

त्याच दिवशी पहाटे शिकागोच्या बसच्या पायरीवर वळून वॉनेटा बापाला म्हणाली होती, "मी परत येणार नाही, डॅडी. त्याला तुम्हीच सांगा."